वीसपैकी पंधरा

नाथा म्हात्रे यांच्या घराला मी वीसपैकी पंधरा गुण दिले. परीक्षेत पंधरा म्हणजे चांगले. माझ्या तक्त्यात उलट. जितके गुण जास्त, तितकं घर सुस्थितीतलं, आणि आठाच्या वर गेलेल्या घराला निधीची मदत मिळत नसे. म्हणजे नाथांची मुलगी चंद्रावती हिचं कराडचं फार्मसी कॉलेज त्या रविवारी दुपारी साडेबारा वाजता माझ्या पेनाने बंद करून टाकलं होतं.

तक्ता माझाच होता, म्हणून आधी त्याबद्दल सांगते.

१९९६ साली मी बी.एस्सी. होऊन रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले होते. राहायला पेणला, रामवाडीत. सकाळच्या गाडीने रोहा, संध्याकाळी परत. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतल्या मुलांसाठी एक लहानसा विद्यार्थी निधी होता. त्याचे चिटणीस कमळाकर सर. त्यांनी मला शाळेत गणित शिकवलं होतं, आणि निवृत्तीनंतरही जुन्या विद्यार्थ्यांना कामाला लावायची त्यांची सवय गेली नव्हती. अर्जांची छाननी त्यांनी माझ्याकडे दिली.

निधीच्या दोन योजना होत्या आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करत. पहिली गुणवत्तेची. बारावीला ज्याचे गुण सगळ्यांत जास्त, त्याला एकरकमी बक्षीस, शाल, श्रीफळ, टाळ्या. घरी बंगला आहे की कुडाची भिंत, कुणी विचारत नसे. दुसरी गरजेची. तिच्यात पदवी संपेपर्यंत वसतिगृहाचा आणि मेसचा खर्च मिळे. तिथे पहिला नंबर लागत नसे. कॉलेजात प्रवेश मिळालेला असला आणि घरून खर्च होणार नसला की पुरे. तिला टाळ्या नव्हत्या. तिला घरभेट होती.

पहिली मला १९९२ मध्ये मिळाली होती. त्या पैशांतून मी सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेतला आणि आईला साडी. ती मिळाली नसती तरी मी बी.एस्सी. झालेच असते, कारण माझ्या वडिलांना पंचायत समितीत कारकुनाची नोकरी होती. ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यातही आली नव्हती. मला वाटायचं, गुणांची योजना खरी, कारण गुण मोजता येतात. गरज मोजायची कशी? घरभेटीला जाणारी माणसं ‘परिस्थिती बेताची’, ‘परिस्थिती हलाखीची’ असे शेरे मारून यायची. बेताची आणि हलाखीची यांत अंतर किती, हे कोण सांगणार? उत्पन्नाचे दाखले अर्जाला जोडलेले असत, पण उत्पन्न कमी करून सांगणारे इतके भेटले होते की नुसत्या दाखल्यावर निधी विसंबत नसे.

म्हणून मी तक्ता केला. भिंती, छप्पर, विजेची उपकरणं, फर्निचर, वाहन, शेती. प्रत्येकाला ठरावीक गुण, एकूण वीस. सरांनी तो चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, “छान आहे. चुकला तर कुठे चुकला ते तरी कळेल.”

चंद्रावती दोन्ही तालुक्यांत तिसरी आली होती. पहिला पेणच्या एका डॉक्टरांचा मितेश; बक्षीस त्याला गेलं, आणि नियमाप्रमाणे बरोबरच गेलं. चंद्रावतीला कराडला सरकारी कॉलेजात बी.फार्म.ची जागा मिळाली होती. फी सवलतीत जवळजवळ माफ होती. अडत होतं ते चार वर्षांच्या राहण्याजेवण्यावर. वडील मिठागरात कामाला. अर्जावर ‘घरची परिस्थिती’ या रकान्यात वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, “बरी आहे. दोन वेळ जेवतो.” मला वाटलं, साधा माणूस, प्रश्न नीट कळला नसावा.

कुणाच्या घरी न कळवता जायचं नाही, हा सरांचा नियम. त्यांनी आठवडाभर आधी कार्ड टाकलं होतं. रविवारी आम्ही अलिबागच्या एस.टी.ने धरमतरच्या अलीकडे उतरलो आणि खाडीच्या बांधावरून वीस मिनिटं चालत गेलो. मिठागरं पावसाने भरलेली होती, पलीकडे भातशेतं. वाडीत शिरण्याआधीच कुणीतरी ओरडलं, “आले गो, आले!” आणि दोन दारं धाडकन लागली.

नाथा दारात उभे होते. अंगात पांढरा शर्ट, त्यावर घडीच्या खुणा जशाच्या तशा. त्यांची बायको पुतळी तांब्या घेऊन पुढे आली.

“या गो बाय, या. सर, पाय धुवाला पानी ठेवलंय.”

घर मातीच्या भिंतींचं होतं, पण आत गेल्यावर मी थबकले. चार खुर्च्या. टेबल, त्यावर भरतकामाचं कापड. भिंतीवर घड्याळ. कोपऱ्यात रेडिओ-टेपचा टू-इन-वन. स्टुलावर टेबल फॅन, जोरात फिरणारा. चहा आला तो सोनेरी काठाच्या कपांतून, बशांवर मोर. मी वही मांडीवर घेतली.

“शेती किती आहे, काका?”

“हाय की.”

“म्हणजे किती?”

“आमच्यापुरती हाय.”

“मिठागराचं काम किती महिने चालतं?”

“पावसाला सोडून.”

“मग सध्या काय करता?”

“सध्या पावसाला,” नाथा म्हणाले आणि सरांकडे बघून हसले. सरही हसले.

“घरखर्च भागतो?”

“तुमच्या आशीर्वादानं काय कमी नाय.”

स्वयंपाकघराच्या दारात एक मुलगी उभी होती. दोन वेण्या, कपाळावर आठी. “बाबा, अवो—”

“तू गप गो,” पुतळी म्हणाली. “पाहुन्यांना वाढाला घे.”

जेवायला जिताडा होता, खाडीतला सगळ्यांत महाग मासा. पेणकडचा माणूस जिताडा कुणाला वाढतो हे मला माहीत होतं: जावयाला आणि साहेबाला. तक्त्यात जेवणाला रकाना नव्हता, तरी शेऱ्यात मी लिहून ठेवलं. सरांनी दोनदा कालवण मागून घेतलं. पंख्याची वायर खिडकीतून बाहेर गेली होती, हेही मी पाहिलं. पण माझा रकाना ‘पंखा: आहे / नाही’ एवढाच होता, वायर कुठे जाते याला गुण नव्हते. मी ‘आहे’वर खूण केली. बेरीज पंधरा झाली.

मुख्य रस्त्यापर्यंत आल्यावर लक्षात आलं की चंद्रावतीची मूळ गुणपत्रिका, जी मी पडताळायला मागितली होती, माझ्याच वहीत राहिली आहे. सरांना चहाच्या टपरीवर बसवून मी परत फिरले.

बांधावरून वाडी दिसायला लागली आणि मी थांबले. नाथांच्या घरातून मिरवणूक निघाली होती. पुढे एक म्हातारी, काखेत भिंतीवरचं घड्याळ. तिच्यामागे दोघी बायका, डोक्यावर उलट्या खुर्च्या, पाय आभाळाकडे. सगळ्यांत शेवटी एक उघडाबंब माणूस टेबल फॅनला तान्ह्या मुलासारखा छातीशी धरून, वायर गळ्याभोवती गुंडाळलेली.

म्हातारीने मला पाहिलं. “अगो बाय! परतली!”

मिरवणूक जागच्या जागी उभी राहिली. फॅनवाला पुढे आला. हा जनू, नाथांचा शेजारी.

“पंका दुरुस्तीला नेताव,” तो म्हणाला.

“आत्ता तर चालत होता.”

“म्हनूनच. लय चालतो.”

म्हातारी, तिचं नाव बायजाबाई, तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि मग सगळ्याच हसल्या. मी त्यांच्यामधून वाट काढली. नाथांच्या घरात गेले. आतमध्ये एक चटई, एक पत्र्याची पेटी, रांगेने लावलेली पुस्तकं. छताला बाहेरून ओढून घेतलेला एक दिवा. विजेचा मीटर कुठेच नव्हता. जमिनीवर बसून एक बाई मोरवाल्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

“माझ्या आहेत,” तिने सरळ सांगितलं. “पलीकडच्या मोहल्ल्यात राहते मी, जमिला. आमच्या ह्यांनी दुबईहून आणल्यात. एक फुटली असती तर पुतळीला सोडलं नसतं मी.”

“जमिलाभाभी, तू तरी गप बस,” पुतळी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “बाय, तुमी येनार म्हनून केलं. सरांना काय चटईवर बसवायचं?”

“आये, मी आठ दिस सांगतेय,” चंद्रावती उसळली. “घरात काय नाय तेच बघाला येतात ते!”

“काय नाय ते बघाला येतात?” पुतळीने माझ्याकडे पाहिलं. “अशी कुठं पद्धत हाय?”

मी वही उघडली आणि उभ्या उभ्या पुन्हा बेरीज केली. चार. म्हटलं, “काका, काळजी करू नका. मी नवा तक्ता भरते. आता काम होईल.”

“नाय,” नाथा म्हणाले. ते खिडकीपाशी उभे होते. “जे आधी बघितलंत तेच लिवा.”

“मग मदत मिळणार नाही.”

“हुशारीचं बक्षीस असंल तर द्या. मान वर करून घेईन. गरिबीचं नको.”

“ते बक्षीस दुसऱ्याला गेलं. आणि ते मिळालं असतं तरी एकदाच मिळतं, काका. पहिलं वर्षही निघालं नसतं.”

“मग नशीब.”

चंद्रावती माझ्याबरोबर बांधापर्यंत आली. गुणपत्रिका घेताना हळूच म्हणाली, “मॅडम, वसतिगृहाचे पैसे पुढच्या बुधवारपर्यंत भरायचेत. नाही भरले तर खोली जाईल. खोली नाही तर मी तिथे राहणार कुठे?”

शनिवारी निधीची बैठक रोह्यात होती, खजिनदार हिरामणशेठ यांच्या भातगिरणीच्या माळ्यावर. मी लॅबमधून सरळ तिथे गेले. खाली गिरणी चालू होती, त्यामुळे सगळे मोठ्याने बोलत होते. मी दोन्ही तक्ते समोर ठेवले.

“एकाच घराला एकाच दिवशी पंधरा आणि चार?” हिरामणशेठ म्हणाले. “तुमच्या लॅबमध्ये चालतं का असं?”

“नाही. असं आलं तर आम्ही म्हणतो, नमुना घ्यायला चुकलो.”

“नमुना नाही चुकला, लोकांनी फसवलं. खोटं ते खोटं. श्रीमंती लपवा, नाहीतर गरिबी लपवा.”

कमळाकर सरांनी मिटलेले डोळे उघडले. “शेठ, वीस वर्षांत मी श्रीमंती लपवणारे खूप पाहिले. एकाने फटफटी गवताच्या गंजीत घातली होती. आम्ही चहा पीत असताना गंजीतून हँडल दिसत होतं. पण स्वतःचा अर्ज बुडवायला अख्खी वाडी खुर्च्या घेऊन धावली, हे पहिल्यांदाच पाहिलं. यात आपलं काय गेलं? त्यांचंच गेलं.”

हिरामणशेठना हसू आलं, पण ते अडून राहिले, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं. “सर, अर्जावर बापाच्या अक्षरात आहे, परिस्थिती बरी आहे. उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू? त्याच्याच सहीचं लेखी आणा, की गरज आहे. सोमवारी पहिला हात मी वर करीन.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी एकटीच गेले. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. घरी कुणीच नव्हतं. सगळी वाडी बांधावर होती. खाडीच्या बाजूने बांधाला खांड पडली होती, हातभर रुंद, आणि दुपारच्या भरतीच्या आत ती बुजवायची होती. माणसं रांगेत उभी राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत होती. नाथा खांडीच्या तोंडाशी, गुडघाभर पाण्यात. त्यांचं काम बघून मी बोलायचं विसरले. ते गोळा टाकत नव्हते. आधी पाण्याचा ओघ तळव्याने अजमावत, मग पेंढा आडवा घालत, मग गोळा अशा कोनात दाबत की पाणीच त्याला जागेवर रेटून बसवायचं. एकही गोळा वाहून गेला नाही. मी मोजत होते.

“काका, हे शेत कुणाचं?” मी वरून विचारलं.

“इथलं जनूचं.”

“मग बाकीचे सगळे कशाला आले?”

“पानी काय जनूच्या शेतात थांबनार हाय?”

“आणि जनूने कुणाला सांगितलंच नसतं तर?”

“तर गावकीनं दंड केला असता. खांड दिसली की वरडायचं. तो नेमच हाय.”

“लाज नाही वाटत, आपल्या शेतासाठी सगळ्यांना हाका मारायची?”

“लाज कसली? न वरडन्याची लाज.”

चंद्रावती रांगेत मधे होती, कोपरापर्यंत चिखल. तिने हातातला गोळा पुढे दिला नाही.

“बाबा, मग तुमी का वरडत नाय?”

“काय?”

“बुधवारी पानी आत येनार. तुमाला खांड दिसतेय. आठ दिस दिसतेय. नि तुमी सगळ्यांना सांगता, बांध बरा हाय.”

रांग थांबली. मागून जनू म्हणाला, “आता बोल रं नाथा! हिला औषधं शिकवाला कनाला धाडतोस? वकील कर वकील!”

“गोळा दे आधी,” नाथा मुलीला म्हणाले. पुढचा अर्धा तास ते गोळे दाबत राहिले. खांड बुजली, भरतीचं पाणी बांधाला लागलं आणि आत आलं नाही. मग ते वर आले, डबक्यात हात धुतले, शर्टाला पुसले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले.

“लिवा, बाय. मी सांगतो तसंच लिवा.”

मी लिहिलं. “मागच्या रविवारी माझ्या घरात दिसलेल्या वस्तू माझ्या नाहीत. टेबल, खुर्च्या आणि पंखा जनू यांचे. घड्याळ बायजाबाईचं. कप आणि टू-इन-वन जमिलाभाभीचे. त्यांनी ते न मागता दिले. यात कुणाला फसवायचं नव्हतं. पाहुणे येणार होते. मुलगी शिकायला हुशार आहे. तिचा कराडचा राहण्याजेवण्याचा खर्च मला झेपत नाही.”

इथे ते थांबले. मला वाटलं वाक्य अपुरं आहे. मी विचारलं, “आमची परिस्थिती गरिबीची आहे, असं लिहू?”

“तो शब्द नको. झेपत नाय, येवढं पुरे. ते खरं हाय.”

मी वर पाहिलं. माझ्या वीस गुणांच्या तक्त्यात मी घर मोजत बसले होते: खुर्च्या, पंखे, भिंती. मोजायचं होतं ते दोन गोष्टींमधलं अंतर, खर्च किती आणि झेपतं किती. तिसरी शिकलेल्या माणसाने ते दोन शब्दांत सांगितलं होतं, आणि त्याला ते सांगताना मान खाली घालावी लागली नव्हती. त्यांनी सही केली. अक्षरं मोठी, सरळ, बांधावरच्या गोळ्यांसारखी नेमकी बसवलेली.

“नि जिताडा?” पुतळीने मागून विचारलं. “तो कोनाचा ते नाय लिवलं?”

“तो मीच धरलेला,” नाथा म्हणाले. “त्याचं काय लिवायचं?”

सोमवारी सकाळी, बँक उघडायच्या आत, हिरामणशेठनी कागद स्वतः मोठ्याने वाचला. मधेच गिरणी बंद करायला सांगितली, कारण मागच्यांना ऐकू येत नव्हतं. वाचून झाल्यावर त्यांनी आधी नाक शिंकरलं आणि मग हात वर केला. मितेशच्या डॉक्टर वडिलांनीही केला. तेही सभासद होते.

मंगळवारी पहाटे पेणच्या स्टँडवर मी चंद्रावतीला डिमांड ड्राफ्ट आणि अटींचं पत्र दिलं. नाथा तिला पोचवायला निघाले होते, तोच पांढरा शर्ट, आता नीट इस्त्री केलेला. सगळी वाडी आली नव्हती, पण जनू होता, आणि जमिलाभाभीने डब्यात सांदणं पाठवली होती. आपल्याला ड्राफ्ट मिळाल्यावर आपण काय केलं असतं, हे मला माहीत होतं: पर्समध्ये ठेवला असता. चंद्रावतीने पत्र उघडलं, दिव्याखाली उभी राहिली आणि दोनदा वाचलं.

“मॅडम, हे कलम चार. एका वेळी एकाच योजनेचा लाभ. म्हणजे कराडला मी पहिली आले आणि मला गुणवत्तेची दुसरी एखादी शिष्यवृत्ती मिळाली, तर ही बंद?”

“हो. तेवढ्या वर्षांपुरती बंद.”

“बंद म्हणजे हे पैसे निधीत परत?”

“बहुतेक. का गं?”

“परत कशाला? तेव्हाच दुसऱ्या कुणाला देता येतील का? आमच्या वाडीतल्या मुलीला? जनूकाकांची हर्षा दहावीला आहे. म्हणजे माझ्याकडे तीन वर्षं आहेत.” मग जनू ऐकतोय हे लक्षात आल्यावर तिने आवाज खाली आणला. “तेवढं विचारून ठेवा. मी पहिली येनार हाय.”

तिने ते फुशारकीने म्हटलं नाही. गाडी किती वाजता सुटते ते सांगावं, तसं म्हटलं. गाडी लागली. नाथांनी पेटी टपावर चढवली आणि ती खिडकीपाशी बसली.

संध्याकाळी मी सरांकडे गेले आणि तिचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

“वीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही,” ते म्हणाले. “मदत मिळेल का, विचारतात. किती मिळेल, विचारतात. माझी झाली की पुढे कुणाला, हे कुणी विचारलं नाही. नियमात त्याचं उत्तरच नाही.”

मग त्यांनी नियमांची वही काढली, कलम चारच्या खाली जागा शिल्लक आहे का ते पाहिलं, आणि पेन माझ्या हातात दिलं.

“लिही. शनिवारी मंजूर करून घेऊ.”